प्रत्येक कोड बरोबर, तरी एंट्री चूक: खात्यांच्या कॉम्बिनेशनची तपासणी कशी लावावी

प्रश्न निपाणीहून आला आहे. थोडक्यात असा: "आमच्या कंपनीची तीन युनिट आहेत, दोन बेळगावात आणि एक शिनोळीला. ईआरपीमध्ये (हिशेब, स्टोअर, पगार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) खात्याचा कोड चार भागांचा आहे: युनिट, विभाग, खातं आणि प्रॉडक्ट. स्टोअरची आणि पगाराची व्हाउचर एक्सेलमधून आयात होतात. आयात करताना प्रत्येक कोड मास्टरमध्ये (कोडच्या मूळ यादीत) आहे की नाही हे बघतो. तरीही महिनाअखेरीला ट्रायल बॅलन्समध्ये (सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या तक्त्यात) या चार भागांची नको ती कॉम्बिनेशन दिसतात. चालणाऱ्या सगळ्या कॉम्बिनेशनची यादी करून ठेवावी, की नियम लिहावेत? आणि तपासणी नेमकी कुठे लावावी?"

मी २२ वर्षं याच भागात, बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने), मशीन शॉप, एक-दोन साखर कारखाने यांच्या हिशेबाच्या सिस्टीम लावण्याचं काम करते आहे. तुम्ही विचारलेलं यादी की नियम हे नंतर ठरतं. आधी तुमच्याकडे काय घडतंय ते नीट वेगळं करून बघू, कारण "नको ती कॉम्बिनेशन" या तीन शब्दांत चार वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

तुमचे कोड मला माहीत नाहीत, म्हणून मी माझे घेते. युनिट ११ म्हणजे उद्यमबाग, १२ म्हणजे मच्छे, २१ म्हणजे शिनोळी. विभाग १०० मेल्टिंग, ११० मोल्डिंग, १३० फेटलिंग (कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या कडा घासणं), २०० मशीन शॉप, ९०० ऑफिस, आणि विभाग लागत नसेल तिथे ०००. खातं चार अंकी: १ आणि २ ने सुरू होणारी ताळेबंदाची, ३ ने उत्पन्नाची, ५ ने खर्चाची. प्रॉडक्ट दोन अंकी.

आता २१-२००-५४१०-०० हे कॉम्बिनेशन बघा. २१ शिनोळी, २०० मशीन शॉप, ५४१० हेस्कॉम (बेळगावकडची कर्नाटकची वीज कंपनी) वीजबिल. चारही कोड मास्टरमध्ये आहेत, चारही चालू आहेत. तुमची आजची तपासणी याला डोळे झाकून पास करेल. पण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. तिथली वीज महावितरणची. हेस्कॉमचं बिल त्या युनिटवर पडूच शकत नाही. चूक कुठल्या एका कोडमध्ये नाही, चूक पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या नात्यात आहे. मास्टर बघून हे नातं कधीच कळणार नाही, ते कुणीतरी सिस्टीमला सांगावं लागतं.

सीमेवर धंदा करणाऱ्यांच्या पुस्तकात अशी नाती इतरांपेक्षा जास्त असतात. जीएसटीचंच घ्या. बेळगावच्या युनिटचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होतो, शिनोळीचा २७ ने. मधले दहा अक्षरं-अंक म्हणजे पॅन, तो एकच, पण कायद्याच्या नजरेत या दोन नोंदण्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. उद्यमबागेतून कास्टिंग शिनोळीला मशीनिंगसाठी पाठवून तिथूनच विकायचं असेल तर मालक एक असला तरी आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावरचा जीएसटी) लावून बिल करावं लागतं. त्यामुळे "इनपुट एसजीएसटी कर्नाटक" (खरेदीवर भरलेल्या राज्याच्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट) हे खातं २१ वर आणि "इनपुट एसजीएसटी महाराष्ट्र" हे खातं ११ किंवा १२ वर येणं म्हणजे सरळ चूक. व्यवसाय कर तसाच: दोन राज्यांचे दोन कायदे, दोन भरणे, म्हणून देय खातीही दोन, आणि ती आपापल्या युनिटलाच बांधलेली हवीत.

यातली एक चूक मी दरवर्षी कुठे ना कुठे बघते. उद्यमबागेचा मार्केटिंगवाला कोल्हापूरला जाऊन राहतो. हॉटेलचं बिल येतं, त्यावर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) दोन्ही. क्लार्क बिल बघतो, कर दिसतो, क्रेडिट घेऊन मोकळा. पण हॉटेलच्या सेवेची जागा हॉटेल जिथे आहे तीच धरतात, म्हणून तो एसजीएसटी महाराष्ट्राचा आहे. कर्नाटकच्या नोंदणीला ना त्या एसजीएसटीचं क्रेडिट मिळतं, ना त्या सीजीएसटीचं. सगळी रक्कम प्रवास खर्चात जायला हवी. पणजीच्या हॉटेललाही हेच लागू. इथे कॉम्बिनेशनचा नियम एसजीएसटी महाराष्ट्र पकडेल, पण क्लार्कने ती रक्कम "इनपुट एसजीएसटी कर्नाटक" खाली टाकली तर नियम गप्प बसेल, कारण ११ आणि एसजीएसटी कर्नाटक ही जोडी रीतसर आहे. त्यासाठी बिल देणाऱ्याच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक आणि करखातं यांची तपासणी वेगळी लावावी लागते. हे आताच सांगते, कारण पुढे मी नियमांबद्दल बरंच बोलणार आहे आणि नियम लावले की पुस्तक बरोबर झालं असा समज करून घेऊ नका. कॉम्बिनेशन चालणारं असणं आणि एंट्री खरी असणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर माणसानेच भरायचं असतं.

आता ते चार आजार.

पहिला, कोडचा आकारच बिघडलेला. तुम्ही एक्सेलमधून आयात करता म्हणजे हा तुमच्याकडे आहेच, पैजेवर सांगते. विभाग ००० लिहिलात की एक्सेल त्याचा ० करतं. प्रॉडक्ट ०५ चा ५ होतो. कुणी दोन भाग एकाच सेलमध्ये ११-०२ असे लिहिले तर एक्सेल त्याची ११ फेब्रुवारी करून टाकतं, आणि पडद्यावर तारीख दिसली तरी आत भलताच आकडा बसलेला असतो. कोडच्या शेवटी एक रिकामी जागा राहते. शून्याच्या जागी इंग्रजी ओ येतो. आमच्या भागात आणखी एक: कीबोर्ड मराठीवर किंवा कन्नडवर राहिलेला असतो आणि अंक देवनागरी किंवा कन्नड लिपीत टाइप होतात. डोळ्याला ते अंकच दिसतात, सिस्टीमला मात्र ती वेगळीच अक्षरं असतात. एकदा मी अर्धा दिवस एका ओळीवर घालवला होता. ११० हा कोड मास्टरमध्ये समोर दिसत होता आणि सिस्टीम म्हणत होती, असा कोड नाही. शेवटी मधला एक अंक देवनागरी निघाला.

म्हणून आयातीच्या फाइलचे कॉलम आधीच "टेक्स्ट" करून ठेवा, प्रत्येक भाग वेगळ्या कॉलममध्ये घ्या, आणि आयातीच्या पहिल्याच पायरीला रिकाम्या जागा काढणं, लांबी मोजणं, अंकांशिवाय दुसरं काही आहे का बघणं हे करा. लांबी कमी भरली तर पुढे शून्य लावून कोड पुरा करावा का, असा मोह होतो. विभाग आणि प्रॉडक्टसाठी मी तसं करू देते. खात्याच्या भागासाठी नाही. तीन अंकी खातं आलं तर कुठला अंक टाइप करायचा राहिला, हे सांगता येत नाही.

दुसरा आजार, कोड आहे पण वापरायचा नाही. यात तीन गोष्टी बघायच्या: कोड चालू आहे का, त्यावर थेट एंट्री चालते का की ते नुसतं मथळ्याचं खातं आहे, आणि व्हाउचरच्या तारखेला तो चालू होता का. ही तिसरी बहुतेक जण चुकवतात. तपासणी आजच्या तारखेवर लावतात. मग ३१ मार्चला बंद केलेल्या विभागाचं मार्चचं बिल एप्रिलच्या दहा तारखेला आलं की सिस्टीम ते नाकारते, आणि क्लार्क ते दुसऱ्या विभागावर टाकून मोकळा होतो. तारीख व्हाउचरची धरा.

याच सदरात जुळ्या कोडचा त्रास येतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. एका ठिकाणी मी गेले तेव्हा मास्टरमध्ये शाखा दोन होत्या, एक जुन्या नावाची, एक नव्या. जुनी बंद करायची राहून गेली होती. दोन्ही चालू, दोन्हींवर खर्च, आणि कुठल्याही एका शाखेचा अहवाल काढला की अर्धाच आकडा. प्रत्येक कोड तपासणीत पास होत होता. असं असेल तर नियम लिहिण्याआधी मास्टर साफ करा, नाहीतर प्रत्येक नियम दोनदा लिहावा लागेल.

तिसरा आजार म्हणजे ज्याबद्दल तुम्ही खरं विचारलंय, भागांमधलं नातं. चौथा, माणसाचा अधिकार: शिनोळीच्या स्टोअरकीपरला उद्यमबागेच्या कोडवर एंट्री करता यावी का. हा चौथा कॉम्बिनेशनच्या नियमात मिसळू नका. तो वापरकर्त्याच्या हक्कांत ठेवा. मिसळलात की उद्या तो माणूस बदलून मच्छेला गेला तरी हिशेबाचे नियम बदलावे लागतील.

आता यादी की नियम. हे तुमच्या आकारावर अवलंबून आहे. साधा गुणाकार करा: ३ युनिट, १५ विभाग, ४०० खाती, २० प्रॉडक्ट. ३,६०,००० कॉम्बिनेशन होतात. त्यातली वर्षभरात खरोखर वापरात येणारी किती, ते तुमच्या गेल्या १२ महिन्यांच्या एंट्र्यांतून एका क्वेरीत कळेल. तो आकडा दोन-तीनशेच्या घरात असेल आणि वर्षाला मोजकी नवी भर पडत असेल तर यादी ठेवा. यादी समजायला सोपी, ऑडिटरला दाखवायला सोपी, आणि नवं कॉम्बिनेशन हवं तर कुणीतरी ते मागायला येतं, म्हणजे विचारणा आपोआप होते. लहान पतसंस्थेला किंवा एका युनिटच्या मशीन शॉपला मी यादीच सुचवते.

पण आकडा हजारांत असेल, नवी प्रॉडक्ट दर महिन्याला येत असतील, तर यादी सांभाळणारा माणूस महिन्याभरात कंटाळतो आणि मागेल त्याला मागेल ते कॉम्बिनेशन उघडून देतो. मग यादी असून नसल्यासारखी. तिथे नियमच हवेत. तुमचं वर्णन वाचून मला तुम्ही या दुसऱ्या गटातले वाटता.

माझी स्वतःची पद्धत दोन्हींची सांगड आहे. नियम अडवतात, यादी नुसतं लक्ष वेधते. म्हणजे नियमाने नाकारलेलं कॉम्बिनेशन आत जातच नाही. नियमाने चालणारं पण गेल्या १२ महिन्यांत एकदाही न वापरलेलं कॉम्बिनेशन आत जातं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी अकाउंट्सप्रमुखाच्या टेबलावर त्याची एक छोटी यादी येते. पाच-सात ओळी असतात. चहा संपेपर्यंत बघून होतात. नियमातून निसटलेल्या बऱ्याचशा चुका मला याच यादीत सापडल्या आहेत, कारण चुकीचं कॉम्बिनेशन बहुतेक वेळा नवं असतं.

नियम लिहिताना आधी सगळं चालेल असं धरा आणि मग न चालणारं वगळत जा. ओरॅकलच्या ई-बिझनेस सूट या ईआरपीत क्रॉस व्हॅलिडेशनची (भागांमधलं नातं तपासण्याची) रचना अशीच आहे: एक व्यापक समावेश, त्यातून वगळण्याच्या ओळी, आणि दोन्हींत बसणारं कॉम्बिनेशन वगळलेलंच धरलं जातं. स्वतःची सिस्टीम लिहीत असाल तरी हाच साचा ठेवा. एक टेबल करा. त्यात नियमाचा क्रमांक, प्रत्येक भागाची "पासून-पर्यंत" रेंज, नियम कधीपासून कधीपर्यंत लागू, आणि नाकारल्यावर दिसणारा संदेश. माझ्या उदाहरणात नियम असे दिसतील: युनिट २१ ते २९ आणि खातं ५४१०, वगळा. युनिट २१ आणि विभाग १०० ते १३९, वगळा, कारण शिनोळीला भट्टी नाही, मोल्डिंग नाही, फेटलिंग नाही. खातं १००० ते २९९९ आणि विभाग ००१ ते ९९९, वगळा. खातं ५००० ते ५९९९ आणि विभाग ०००, वगळा.

रेंज लिहिता येतात कारण कोड विचार करून दिलेले आहेत. युनिटचा पहिला अंक राज्य सांगतो. उद्या कागलच्या पंचतारांकित वसाहतीत युनिट काढलं तर त्याला २२ देईन आणि महाराष्ट्राचे नियम त्याला आपोआप लागतील, एकही ओळ न बदलता. कोड मनाला येईल तसे दिलेले असतील तर प्रत्येक युनिटसाठी स्वतंत्र ओळ लिहावी लागते आणि दोन वर्षांत ते टेबल कुणालाच कळेनासं होतं. रेंज वापरायची तर प्रत्येक भागाची लांबी ठरलेलीच हवी. कोड मजकूर म्हणून साठवलेला असतो, आणि मजकूर म्हणून ९० हा १०० पेक्षा मोठा ठरतो. ०९० लिहिलंत की क्रम बरोबर लागतो.

नियम किती असावेत? मी एका कंपनीसाठी ३० च्या वर जात नाही. यामागे एक प्रसंग आहे.

एका फाउंड्रीत मी ग्राइंडिंग व्हीलचं खातं फक्त फेटलिंगला बांधलं होतं. कागदावर ते अगदी रास्त होतं: कास्टिंगची कड घासायचं काम फेटलिंगचं. सिस्टीम सुरू झाली, नाकारलेल्या एंट्र्या एकदम कमी झाल्या, सगळे खूश. तीन महिन्यांनी फेटलिंगचा किलोमागचा खर्च चढलेला दिसला. मालकांनी फेटलिंगच्या फोरमनला बोलावून विचारणा केली. तो बिचारा आपली व्हील मोजून दाखवत होता, तेवढीच होती. मी स्टोअरला गेले. खिडकीशी मशीन शॉपचा पोरगा इश्यू स्लिप (स्टोअरमधून माल मागायची चिठ्ठी) घेऊन उभा होता. स्लिपवर लिहिलं होतं सरफेस ग्राइंडरची व्हील, दोन नग. स्टोअरकीपरने ती घेतली, व्हील दिली आणि एंट्री करताना विभागात १३० टाकला. मी विचारलं, मशीन शॉपची व्हील आणि फेटलिंगवर का? तो म्हणाला, "मॅडम, २०० घेईना ते. पहिल्यापासून हाच टाकायलोय की." मशीन शॉपमध्ये सरफेस ग्राइंडर आहे हे मला विचारायचं सुचलं नव्हतं. माझ्या नियमाने त्याला खरी एंट्री करू दिली नाही, आणि त्याने नियमात बसणारी खोटी एंट्री केली. सिस्टीमच्या दृष्टीने सगळं हिरवं होतं. बोलणी खाल्ली ती फोरमनने.

तेव्हापासून कुठलाही नियम लिहिताना मी स्वतःला एकच विचारते: हे कॉम्बिनेशन अशक्य आहे, की नेहमीचं नाही? शिनोळीला हेस्कॉमचं बिल अशक्य आहे. मशीन शॉपला ग्राइंडिंग व्हील नेहमीची नसेल, पण शक्य आहे. अशक्य असेल तरच नियमाने अडवायचं. नेहमीचं नसेल ते सकाळच्या यादीत येऊ द्यायचं. आणि "अशक्य" हा शब्द अकाउंट्समध्ये बसून उच्चारायचा नाही. स्टोअरकीपर, फोरमन आणि पगार करणारा माणूस यांना नियमांची यादी वाचून दाखवायची आणि विचारायचं, यातलं कधी घडलंय का? एका तासाची बैठक असते. तुम्ही दुसरं काही केलं नाहीत तरी ही बैठक करा.

संदेशाबद्दलही सांगते, कारण तिथे सगळे आळस करतात. "अवैध कॉम्बिनेशन" एवढंच दिसलं की महिनाअखेरच्या रात्री नऊ वाजता क्लार्क काय करेल? जे कॉम्बिनेशन चालतं असं त्याला पाठ आहे ते टाकेल, बहुधा ऑफिस ९०० आणि किरकोळ खर्च. संदेशात काय चुकलं आणि काय करायचं हे दोन्ही हवं. "५४१० हेस्कॉमचं खातं आहे. शिनोळीच्या बिलासाठी ५४२० महावितरण वापरा." "ताळेबंदाच्या खात्याला विभाग ००० द्या." आपल्याकडे एकाच ऑफिसात एक जण मराठीत वाचतो, दुसरा कन्नडमध्ये, तिसऱ्याला इंग्रजी बरं पडतं. म्हणून वाक्य छोटं ठेवा आणि कोडचा आकडा संदेशात घालाच. आकडा सगळ्यांना कळतो.

आता तपासणी कुठे लावावी. एकाच ठिकाणी लिहा आणि सगळीकडून तिलाच बोलवा. पडद्यावरची एंट्री, एक्सेल आयात, पगाराच्या सॉफ्टवेअरमधून येणारा डेटा, सगळ्यांनी एकाच फंक्शनकडे जायचं. मी पाहिलेल्या गोंधळांत निम्म्याहून अधिक वेळा पडद्यावर कडक तपासणी होती आणि आयातीचा दरवाजा उघडा होता. तुमच्या वर्णनातही तेच दिसतं: आयात नुसतं मास्टर बघते. पडद्यावर काय बघितलं जातं ते एकदा ताडून बघा.

आयातीत पूर्ण फाइल आधी तपासा, सगळ्या चुका एकदम दाखवा, आणि मगच आत घ्या. पहिल्या चुकीवर थांबणारी आयात माणसाला वेडं करते: एक दुरुस्त करा, पुन्हा चालवा, दुसरी निघते, पुन्हा चालवा. चुका निघाल्या तर पूर्ण फाइल परत करायची की चांगल्या ओळी घ्यायच्या, हे व्हाउचरवर अवलंबून आहे. पगाराचं सगळं मिळून एक व्हाउचर असेल तर सगळं किंवा काहीच नाही. स्टोअरच्या २०० इश्यू स्लिपा असतील तर १९६ आत घ्या आणि ४ परत करा. पण व्हाउचर कधी तोडू नका. नावेची ओळ आत आणि जमेची बाहेर असं झालं की ट्रायल बॅलन्स जुळवायला आठवडा जातो.

चुकीच्या ओळी सस्पेन्स खात्यात (खुलासा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्यात) टाकायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ती चालू करायची असेल तर युनिटवार सस्पेन्स ठेवा, आणि महिना बंद करण्याआधी ते शून्य झालंच पाहिजे असा दंडक घाला. दंडक पाळला जाणार नाही असं वाटत असेल तर ती सोय बंदच ठेवा. मार्चच्या ३१ तारखेला सस्पेन्समध्ये अकरा महिन्यांच्या ओळी उपसत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या अर्ध्या ओळी कसल्या हे तोवर कुणालाच आठवत नाही.

ओरॅकलचा हा सूट वापरत असाल तर दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवा. डायनॅमिक इन्सर्ट चालू असेल तर नियमात बसणारं प्रत्येक नवं कॉम्बिनेशन पहिल्या एंट्रीबरोबर आपोआप तयार होतं, म्हणून तो चालू करण्याआधी नियम लिहून झालेले हवेत. आणि नवा नियम फक्त नव्याने तयार होणाऱ्या कॉम्बिनेशनला लागतो. आधी तयार झालेलं चुकीचं कॉम्बिनेशन नियमानंतरही राजरोस चालू राहतं, ते वेगळं बंद करावं लागतं. "नियम लावला तरी एंट्री जातेच" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघते. ईआरपीनेक्स्टमध्ये अकाउंटिंग डायमेन्शन फिल्टरने कुठल्या खात्याला कुठलं डायमेन्शन (विभागासारखा भाग) चालेल हे बांधता येतं. टॅलीत असा भागांचा कोडच नसतो, लेजर (खातं) आणि कॉस्ट सेंटर (खर्चाचा विभाग) असतात, आणि त्यांच्यातली चुकीची जोडी अडवायला टीडीएलमध्ये (टॅलीच्या प्रोग्रामिंग भाषेत) काम करून घ्यावं लागतं. ते जमत नसेल तर आयातीच्या एक्सेलमध्येच लेजर आणि कॉस्ट सेंटर जोडून एक कॉलम करा, चालणाऱ्या जोड्यांची दुसरी शीट ठेवा आणि काउंटिफ (जोडी त्या शीटमध्ये किती वेळा आहे ते मोजणारं सूत्र) लावा. शून्य आलं की ओळ लाल. साधं आहे, पण चालतं.

स्वतः कोड लिहिणाऱ्यांसाठी एक तांत्रिक सूचना: कॉम्बिनेशनच्या टेबलावर चारही भागांची मिळून युनिक की (तेच कॉम्बिनेशन दुसऱ्यांदा नोंदू न देणारी अट) लावाच. दोन युनिटची आयात एकाच वेळी चालली की दोन्हीकडून "हे कॉम्बिनेशन नाही, तयार कर" असा आदेश जातो, आणि एकाच कॉम्बिनेशनचे दोन क्रमांक तयार होतात. पुढे शिल्लक दोन ठिकाणी फुटते आणि कारण सापडत नाही.

नियम तयार झाले की ते लगेच चालू करू नका. गेल्या वर्षाच्या सगळ्या एंट्र्यांवर ते आधी नुसते चालवून बघा. जी कॉम्बिनेशन नियमात अडकतील त्यांचे दोन ढीग होतील: खरोखर चुकलेली, आणि बरोबर असून नियमच चुकलेला. दुसरा ढीग तुम्हाला फोरमनसमोर मान खाली घालण्यापासून वाचवतो. प्रत्येक नियमासाठी एक जाणारं आणि एक न जाणारं उदाहरण लिहून ठेवा आणि नियमांत काहीही बदललं की सगळी उदाहरणं पुन्हा चालवा.

पहिल्या ढिगातल्या चुका दुरुस्त करताना जुनी व्हाउचर उघडून कोड बदलू नका. कंपनी असाल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राहणारं सॉफ्टवेअर सक्तीचं आहे, तो बदल ऑडिटरला दिसणारच. चालू महिन्यात मूळ व्हाउचरचा क्रमांक देऊन दुरुस्तीची जर्नल करा. जीएसटीच्या खात्याला हात लागत असेल, म्हणजे कर्नाटकच्या रिटर्नमध्ये महाराष्ट्राचं क्रेडिट गेलेलं असेल, तर जर्नल करण्याआधी तुमच्या सीएंकडे जा. तिथे व्याज आणि रिटर्नचा प्रश्न येतो, नुसती हिशेबाची दुरुस्ती पुरत नाही.

आणि हीच दुरुस्ती करताना तुम्ही एका जागी अडकाल, म्हणून आधीच सांगते. चुकीची एंट्री उलटवायची तर तेच चुकीचं कॉम्बिनेशन पुन्हा वापरावं लागतं, आणि ते तर तुम्ही आत्ताच बंद केलेलं असतं. उलट एंट्रीसाठी, फक्त मूळ व्हाउचरचा संदर्भ असेल तेव्हा आणि फक्त अकाउंट्सप्रमुखाच्या लॉगिनमधून, नियमाला सूट ठेवा. कॉम्बिनेशनची शिल्लक शून्य झाली की ती सूट त्याच दिवशी काढून घ्या.